पुण्यासारखे गाव कोणते?

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून आपल्यापैकी पुष्कळांची रोज ये-जा असते. पुण्यातल्या चौकाला सिमल्याचे नाव कसे, हा प्रश्न बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला एकदा तरी पडतोच. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुणेकरांनी त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' म्हटले. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. पण मनोऱ्याची दगडी इमारत, तेथील हवामानाचे काम आणि चौकाचे नाव ही तिन्ही येथेच राहिली. प्रस्तुत लेखाची सुरुवात या चौकातून जाताना झालेल्या एका वादातून झाली.

वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत राहतो. मी सोलापूरची, दुसरी कोल्हापूरची आणि तिसरी नागपूरची. ही तिसरी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. वादाचा विषय साधा होता : महाराष्ट्रातील कोणत्या गावाची हवा पुण्यासारखी? कोल्हापूरकरणीचे म्हणणे, "आमचीच. पुण्यात आल्यावर मला हवा बदलल्यासारखे वाटलेच नाही." मी भूगोलाची, मी पावसाचे आकडे पुढे केले. पुण्याचा पाऊस आणि सोलापूरचा पाऊस जवळजवळ सारखा! नागपूरकरीण म्हणाली, "भांडता कशाला? संगणकाला विचारू."

संगणकाने निकाल माझ्या बाजूने दिला. तो निकाल चूक कसा होता, आणि ती चूक कळल्यावरही प्रश्न संपला का नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

संगणक साम्य कसे मोजतो?

हल्ली 'मशीन लर्निंग' हा शब्द कला शाखेच्या वर्गातही ऐकू येतो. यंत्राला पुष्कळ उदाहरणे द्यायची आणि त्यांवरून नियम शोधायला लावायचा, एवढा त्याचा ढोबळ अर्थ. त्याच्या अनेक पद्धतींपैकी अगदी सोपी म्हणजे 'जवळचा शेजारी' शोधण्याची. दोन गोष्टींच्या आकड्यांत जितका फरक कमी, तितक्या त्या एकमेकींच्या जवळ. आणि जवळ म्हणजे सारख्या. 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणतो, तसे येथे शेजाऱ्यावरून माणसाची परीक्षा होते.

आम्ही सहा गावे घेतली आणि दोन रकाने मांडले : वर्षाचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि मे महिन्यातील दिवसाचे सरासरी कमाल तापमान अंश सेल्सिअसमध्ये. हिशेब सोपा जावा म्हणून दीर्घकालीन सरासरीच्या आसपासचे गोळाबेरीज आकडे घेतले.

पुणे : पाऊस ७२०, तापमान ३७
सोलापूर : पाऊस ७४०, तापमान ४०
कोल्हापूर : पाऊस १,०५०, तापमान ३६
नागपूर : पाऊस १,१००, तापमान ४३
मुंबई : पाऊस २,२००, तापमान ३३
महाबळेश्वर : पाऊस ५,६००, तापमान २९

आता पुण्यापासून प्रत्येक गावाचे 'अंतर' काढायचे. पावसातला फरक अधिक तापमानातला फरक, एवढेच. सोलापूर : २० अधिक ३, म्हणजे २३. कोल्हापूर : ३३० अधिक १, म्हणजे ३३१. नागपूर ३८६, मुंबई १,४८४ आणि महाबळेश्वर ४,८८८. सोलापूर पुण्याच्या सर्वांत जवळ! मी त्या रात्री दोघींकडून चहा वसूल केला.

परंतु मनात कोठेतरी खटकत होते. मे महिन्यात सुट्टीला घरी जाते तेव्हा सोलापूर स्थानकावर उतरताच जी झळ अंगावर येते, ती पुण्यात येत नाही. दुपारी आई खिडक्यांना ओले पडदे लावते, आणि रात्री सगळे घर गच्चीवर झोपायला जाते. तीन अंशांचा हा फरक कागदावर लहान, अंगावर मोठा. तो संगणकाला का दिसला नाही?

आकड्याचा आकार आणि गोष्टीचे महत्त्व

वरची वजाबाकी पुन्हा पाहावी. कोल्हापूरच्या ३३१ मध्ये तापमानाचा वाटा केवळ १. महाबळेश्वरच्या ४,८८८ मध्ये तो केवळ ८. पावसाचे आकडे शेकड्यांनी आणि हजारांनी बोलत होते, तापमान बिचारे एक-दोन-तीन म्हणत होते. ढोलताशाच्या पथकाशेजारी कोणी सतार वाजवावी, तसा हा प्रकार. सतार चुकीची नव्हती. ती ऐकूच आली नाही. दोन रकाने आहेत असे आम्हांला वाटत होते, वस्तुतः निकाल एकच रकाना देत होता.

नागपूरकरणीने मग एक गंमत केली. पाऊस मिलिमीटरऐवजी मीटरमध्ये लिहिला. पुणे ०.७२, सोलापूर ०.७४, कोल्हापूर १.०५. आता सोलापूरचे अंतर ०.०२ अधिक ३, म्हणजे ३.०२, आणि कोल्हापूरचे ०.३३ अधिक १, म्हणजे १.३३. कोल्हापूर जिंकले! आकाशातून एक थेंबही कमी-जास्त पडला नव्हता, पारा तसूभर हलला नव्हता. केवळ मोजपट्टी बदलली आणि उत्तर फिरले. ज्या उत्तराला मोजपट्टी बदलताच घर बदलावे लागते, ते उत्तर हवेविषयी काही सांगते असे म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, मग सर्वांना एकच एकक द्या. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून दशमान मापे अमलात येऊ लागली, आणि गावोगावच्या शेर-पायलीचा घोळ मिटला. तसेच येथे करावे. पण शेराचे किलोत रूपांतर करता येते, कारण दोन्ही वजनेच. पावसाचे अंश सेल्सिअस कसे करणार? आमची अडचण निराळी होती. जातीने भिन्न असलेल्या दोन गोष्टींची बेरीज करायची होती, आणि ती करताना दोघींना बोलण्याची सारखी संधी द्यायची होती.

याचे आपल्या परिचयाचे उदाहरण वक्तृत्वस्पर्धेत सापडते. समजा, दोन परीक्षक आहेत. पहिले सावध, ते सर्व वक्त्यांना ६० ते ६५ च्या आतच गुण देतात. दुसरे दिलदार आणि तितकेच कठोर. ते कोणाला ३० देतात, तर कोणाला ९०. दोघांचे गुण शंभरांपैकीच आहेत, एकक एकच आहे. तरीही बेरीज केली की ढाल कोणाला मिळणार हे दुसरे परीक्षकच ठरवतात. पहिल्यांच्या मताला फार तर पाच गुणांची ताकद, दुसऱ्यांच्या मताला साठ गुणांची. म्हणजे महत्त्वाचे असते ते आकडे किती पसरलेले आहेत हे. एकक सारखे करून भागत नाही. पसारा सारखा करावा लागतो.

शून्य ते एक

पसारा सारखा करण्याची सर्वांत सोपी रीत अशी. एका रकान्यातील सर्वांत लहान आकड्याला ० म्हणायचे आणि सर्वांत मोठ्याला १. मधल्यांची जागा प्रमाणात ठरवायची. त्यासाठी प्रत्येक आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करावा, आणि उरलेल्याला मोठा व लहान यांच्यातील फरकाने भागावे. या फरकाला संख्याशास्त्रात 'परास' किंवा 'विस्तार' म्हणतात.

आमच्या तापमानाचा परास ४३ वजा २९, म्हणजे १४. पुण्याचे ३७ वजा २९ म्हणजे ८. त्यास १४ ने भागले की ०.५७. सोलापूर ०.७९, कोल्हापूर ०.५०, नागपूर १, महाबळेश्वर ०. पावसाचा परास ५,६०० वजा ७२०, म्हणजे ४,८८०. पुणे ०, सोलापूर ०.००४, कोल्हापूर ०.०७, महाबळेश्वर १.

आता अंतरे काढली. सोलापूर : पावसाचे जेमतेम शून्य आणि तापमानाचे ०.२१, मिळून ०.२२. कोल्हापूर : पावसाचे ०.०७ आणि तापमानाचे ०.०७, मिळून ०.१४. कोल्हापूर जवळ! आता पाऊस मीटरमध्ये लिहा, इंचांत लिहा, उत्तर तेच राहते; कारण भागाकारात एकक वरून आणि खालून निघून जाते. ही या रीतीची मोठीच सोय आहे. मी चहाचे पैसे परत केले.

महाबळेश्वरचा प्रताप

येथे लेख संपला असता, पण आमचे भूगोलाचे सर एवढ्यावर सोडणारे नव्हेत. त्यांनी वही पाहिली आणि विचारले, "वाद पुण्या-सोलापूरचा; मग यात महाबळेश्वर कशाला?" आम्ही महाबळेश्वर खोडले आणि हिशेब पुन्हा केला. पावसात आता सर्वांत मोठी मुंबई, म्हणून परास १,४८०. तापमानात सर्वांत लहान आकडा मुंबईचा ३३, म्हणून परास १०. सोलापूरचे अंतर ०.३१ आले, कोल्हापूरचे ०.३२. पुन्हा सोलापूर, अगदी केसभर फरकाने!

झाले होते ते असे. महाबळेश्वरच्या ५,६०० मिलिमीटरने पावसाची मोजपट्टी इतकी ताणली होती की पुणे, सोलापूर, कोल्हापूर आणि नागपूर ही चारही गावे तिच्या तळाच्या एका कोपऱ्यात, ० ते ०.०८ मध्ये, दाटीवाटीने बसली. कोल्हापूरचा ३३० मिलिमीटर जादा पाऊस शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक बदलणारा. पण या पट्टीवर तो ०.०७ एवढाच उरला. एका धनाढ्याच्या उत्पन्नाने गावाची सरासरी फुगावी आणि बाकीचे सगळे सारखेच गरीब दिसावेत, तसेच हे. शून्य-एकची पट्टी फक्त दोन टोकांवर उभी असते. टोकाचा आकडा विलक्षण असला, किंवा टंकलेखनाच्या चुकीने एक शून्य जादा पडले असले, की सगळी पट्टी वाकडी.

यावर संख्याशास्त्रात दुसरी रीत आहे. प्रत्येक आकड्यातून त्या रकान्याची सरासरी वजा करावी आणि 'प्रमाण विचलना'ने भागावे. प्रमाण विचलन म्हणजे सरासरीपासून आकडे साधारणपणे किती दूर विखुरलेले आहेत याचे माप. ते दोन टोकांवर न विसंबता सर्व आकड्यांना विचारात घेते. सहा गावांसाठी पावसाचे प्रमाण विचलन सुमारे १,७२६ आणि तापमानाचे सुमारे ४.५ आले. या रीतीने सोलापूरचे अंतर ०.६७, कोल्हापूरचे ०.४१. अर्थात महाबळेश्वर येथेही प्रमाण विचलन फुगवतेच.

तिसरी रीत आपल्यापैकी अनेकांनी बारावीनंतर अनुभवली आहे : आकडा विसरा, क्रम पाहा. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली. एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, दुसऱ्याची अवघड असू शकते. म्हणून कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. आपल्या सत्रातले शेकडा किती परीक्षार्थी आपल्या बरोबरीने किंवा आपल्या मागे आहेत, तो हा आकडा. यात महाबळेश्वर केवळ 'पहिला' ठरतो आणि त्याचा ताण नाहीसा होतो. पण मुंबईहून तो ३,४०० मिलिमीटरने पुढे आहे की ३४, हेही मग कळेनासे होते. प्रत्येक रीत काहीतरी वाचवते आणि काहीतरी गमावते.

नागपूर, कलकत्ता आणि डेक्कन कॉलेज

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातला असे समजण्याचे कारण नाही. १९२० साली नागपूर येथे इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकाची गाठ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन ॲनन्डेल यांच्याशी पडली. ॲनन्डेल यांच्यापाशी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे आकडे होते. त्यांचे विश्लेषण करण्याचे काम त्यांनी महालनोबिसांना सुचवले. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशा अनेक मापांवरून एक मानवसमूह दुसऱ्याच्या किती जवळ, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. म्हणजे आमचाच प्रश्न. गावांऐवजी माणसे, एवढाच फरक.

या विचारातून १९३६ साली त्यांनी मांडलेले अंतराचे माप आज जगभर 'महालनोबिस अंतर' म्हणून ओळखले जाते आणि मशीन लर्निंगच्या पुस्तकांतही शिकवले जाते. त्यांनी पसारा तर सारखा केलाच, पण आणखी एक गोष्ट ओळखली. समजा, आमच्या वहीत आम्ही 'जून ते सप्टेंबरचा पाऊस' असा तिसरा रकाना घातला. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस त्या चार महिन्यांतच पडतो. मग दोन रकाने एकच गोष्ट दोनदा सांगणार, आणि पट्ट्या सारख्या करूनही पावसाला दोन मते, तापमानाला एक! उंच माणसाचे हातपायही बहुधा लांब असतात, तेव्हा शरीरमापांत हे पदोपदी घडते. महालनोबिसांच्या मापात हा परस्परसंबंध वजा केला जातो.

पुण्यालाही या कामाचा शेजार आहे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात मानवशास्त्राच्या संशोधक होत्या. महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ साली प्रसिद्ध केला, आणि त्याचे सहलेखक होते अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. साहित्य, मानवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्यात आज आपण ज्या भिंती मानतो, त्या त्यांच्या टेबलावर नव्हत्या.

दोन पथ्ये

यंत्राला शिकवताना पट्टी वापरायची, तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली : पट्टी एकदाच, शिकवण्याच्या उदाहरणांवरून आखावी आणि पुढे तीच वापरावी. काही उदाहरणे यंत्राची परीक्षा घेण्यासाठी बाजूला ठेवलेली असतात. पट्टी आखताना त्यांतले लहानमोठे आकडेही पाहिले, तर परीक्षेआधी प्रश्नपत्रिकेत डोकावल्यासारखे होते. यंत्र हुशार दिसते, असत नाही. नवे गाव पट्टीबाहेर गेले तरी बिघडत नाही. आंबोलीसारख्या गावाचा पाऊस ७,००० मिलिमीटर धरला, तर आमच्या पट्टीवर तो १.२९ येईल. तो तसाच ठेवावा. त्याच्यासाठी पट्टी ताणू नये.

दुसरी : प्रत्येक पद्धतीला पट्टीची गरज नसते. यंत्राच्या काही पद्धती "पाऊस हजारांहून अधिक आहे काय?" "असल्यास, तापमान चाळिशीच्या वर आहे काय?" अशा प्रश्नांच्या फांद्यांनी पुढे जातात. त्या एका वेळी एकाच रकान्याकडे पाहतात, म्हणून तेथे ढोल आणि सतार यांची गाठच पडत नाही. पण जेथे अंतर मोजले जाते, किंवा निरनिराळ्या रकान्यांना वजने देऊन त्यांची बेरीज होते, तेथे पट्टीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मग पुण्यासारखे गाव कोणते?

सुज्ञ वाचकांना आता शंका येईल की इतक्या खटाटोपानंतर उत्तर तरी मिळाले का? कच्च्या आकड्यांनी सोलापूर, मीटरने कोल्हापूर, शून्य-एकने कोल्हापूर, महाबळेश्वर वगळताच सोलापूर. वगळूनही फरकांचे वर्ग करून बेरीज केली, जशी ती बहुधा करतात, तर पुन्हा कोल्हापूर. सरांना आम्ही हेच विचारले. ते म्हणाले, "तुम्हांला कशासाठी सारखे गाव हवे आहे, ते आधी सांगा."

शेवटी सगळे येथे येऊन थांबते. पिकांचा विचार असेल तर पावसाच्या पट्टीला अधिक वजन द्यावे लागेल. उन्हाळ्यात शाळा किती वाजता सोडाव्यात, असा विचार असेल तर तापमानाला. दोन्हींना सारखेच वजन देणे हाही एक निर्णयच आहे. पट्टी सारखी केल्याने पक्षपात नाहीसा होत नाही. आधी तो नकळत, मिलिमीटरच्या आडून होत होता. आता तो उघड्यावर येतो आणि त्याची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागते. माझ्या मते हाच या सगळ्या हिशेबाचा खरा लाभ आहे. जो निर्णय चुकून होत होता, तो आपण जाणूनबुजून घेऊ लागतो.

आणि एक गोष्ट कोणतीही पट्टी करू शकत नाही. आमच्या वहीत पुण्याचा आणि सोलापूरचा पाऊस जवळजवळ सारखा आहे. पण पुण्याच्या नळाला येणारे पाणी शहरात पडलेल्या पावसाचे नाही. ते पश्चिमेच्या डोंगरात पडते आणि पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला येथे साठते. सोलापूरकरांना उजनीकडे डोळे लावून बसावे लागते. नळाला पाणी किती दिवसांनी येते, असा रकाना आमच्या वहीत नव्हताच. जो रकाना मांडलाच नाही, त्याची पट्टी कशी सारखी करणार?

तेव्हा यापुढे कोणी संगणकाचा निकाल दाखवून "ही दोन गावे सारखी" किंवा "ही दोन माणसे सारखी" म्हणाले, तर मी दोन प्रश्न विचारणार आहे : पट्टी कोणती? आणि रकाने कोणी निवडले? दरम्यान, आमच्या खोलीतला वाद बरोबरीत सुटला आहे. चहाचे पैसे मात्र आता नागपूरकरीण देते. तिच्या गावाचे अंतर कोणत्याही रीतीने काढले तरी ते पुण्याच्या सर्वांत जवळ काही येत नाही.